अंबूबाईंची चाळिशी

श्रीपादराव करंदीकर चहाची कपबशी घेऊन पडवीत बसले होते आणि समोर त्यांच्या पत्नी अंबूबाई गव्हले वळत होत्या. ताटाकडे बघून श्रीपादरावांनी विचारलं, "हे गव्हले आहेत की वाल?" आपण एक बरा विनोद केला असं त्यांना वाटलं. या विनोदापायी आपल्याला कचेरीत लेखी खुलासा द्यावा लागेल, आळीतल्या वडीलधाऱ्यांकडून दुसऱ्या लग्नाचा सल्ला मिळेल आणि बैलगाडीतून विंझरपर्यंत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यांनी मुकाट्याने चहा पिऊन टाकला असता.

साल चौतीसचं होतं. थोरली मुलगी नलू हिचं लग्न वाईच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं, वैशाखातला मुहूर्त होता, आणि फाल्गुन लागल्यापासून भोरच्या त्या लहानशा घरात रुखवताची तयारी चालली होती. रुखवतात लाडू-चकल्या कुणीही ठेवतं. खरी परीक्षा गव्हल्यांची. भिजवलेल्या रव्याचा कण दोन बोटांच्या चिमटीत वळून तांदळाच्या दाण्याएवढा करायचा, आणि असे दाणे ताटभर करायचे. मुलाची आई रुखवतापाशी येते, चिमूटभर गव्हले तळहातावर पसरते आणि त्यावरून त्या घरच्या बायकांची किंमत मनातल्या मनात करून टाकते. अंबूबाईंचे गव्हले आळीत नावाजलेले होते. दुसऱ्यांच्या लेकींच्या रुखवतांसाठीही त्यांना बोलावणं यायचं. आणि आज स्वतःच्या लेकीच्या ताटात काही दाणे तांदळाएवढे, काही तुरीएवढे होते, आणि दोन-तीन खरोखरच वालाएवढे होते.

अंबूबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. राग श्रीपादरावांनी सांभाळला असता, त्याचा त्यांना बऱ्याच वर्षांचा सराव होता. पण त्यांनी ताटावर पदर टाकला आणि ताट उचलून आत नेलं, तेव्हा श्रीपादरावांना चहा एकदम गार लागला.

रविवारी दुपारी ते मागच्या दारी गेले तर अंबूबाई उन्हात बसल्या होत्या. ताट धुण्याच्या दगडावर लांब ठेवलेलं, हात पुढे ताणलेले आणि मान चुलीतला धूर चुकवावा तशी मागे ओढलेली. श्रीपादराव मोजणी खात्यात कारकून होते. अंतरांशी त्यांचा जन्माचा संबंध. ही बसण्याची तऱ्हा त्यांनी लगेच ओळखली, कारण सहा वर्षांपूर्वी ते स्वतः पंचांग अगदी असंच धरत होते.

माणसाच्या डोळ्यात एक भिंग असतं. तरुणपणी ते लवचीक असतं, जवळचं बघताना फुगतं आणि लांबचं बघताना सपाट होतं. चाळिशीच्या पुढे ते ताठर होऊ लागतं आणि फुगायचं नाकारतं. मग जवळचं अंधुक दिसतं आणि माणूस वस्तू लांब धरतो. पुढे हात पुरेनासा होतो, तेव्हा चाळिशी लावावी लागते. ही सगळी क्रिया भिंगात घडते, आणि आपण पागोट्याखाली आहोत की पदराखाली आहोत याची भिंगाला काही कल्पना नसते. बाकीच्या जगाला मात्र ती फार असते.

श्रीपादरावांना चाळिशी लागली तेव्हा केवढा समारंभ झाला होता. पुण्याच्या डॉक्टरने डोळे तपासले, कासवाच्या पाठीच्या रंगाची काडी निवडली, आणि ते भोरला परत आले तेव्हा आळीतले चार लोक नुसतं बघायला म्हणून आले. कुणी म्हणालं, आता अगदी मामलेदार शोभता. कचेरीत हेडक्लार्क त्यांना बसायला खुर्ची देऊ लागले. खेड्यातून येणारे लोक आधी इतर कारकुनांकडे जायचे ते थेट यांच्याकडे येऊ लागले, कारण चष्म्यातून बघणारा माणूस कागद जास्त खरा वाचतो अशी त्यांची समजूत. श्रीपादरावांनी स्वतःही ती समजूत हळूहळू करून घेतली. बावन्नाव्या वर्षीही लोक आपल्याला चाळिशीचेच समजतात, हे ते अधूनमधून चारचौघांत बोलून दाखवत.

तेव्हा हा प्रश्न सोपा आहे असं त्यांना वाटलं. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की मी पुण्याहून तुझ्यासाठीही चाळिशी आणवतो.

"नको," अंबूबाई म्हणाल्या. भात वाढून झाल्यावर त्या पुन्हा बोलल्या. "तुम्हाला लागली तेव्हा तुम्ही विद्वान दिसायला लागलात. मला लागली की मी म्हातारी होईन. मग रुखवताचं धोंडाबाई बघतील, पंगतीचं वन्सं बघतील, आणि सगळ्या मला म्हणतील, तुम्ही आता बसा हो. माझ्या लेकीच्या लग्नात मला बसायचं नाही."

श्रीपादरावांनी ताक मागितलं.

पण माणूस चिकाटीचा. आपलीच चाळिशी दुपारच्या वेळी अंबूबाईंना द्यावी, दार लावून घ्यावं, गव्हले वळून व्हावेत आणि कुणाला काही कळू नये, असा तोडगा त्यांनी काढला. शास्त्राच्या दृष्टीने त्यात एक खोट होती. नंबर त्यांचा होता आणि डोळे अंबूबाईंचे. त्या जाड भिंगातून अंबूबाईंना रव्याचा कण बटाट्याएवढा दिसू लागला. तो तांदळाएवढा करायच्या नादात त्यांनी दोन दुपारी नाक ताटाला लावून जे काही वळलं, ते चष्मा काढल्यावर ताटात सापडेना. नलूने बोट फिरवून बघितलं आणि आई, हे पुन्हा रवा झालंय, असं सांगितलं.

इकडे कचेरीत श्रीपादराव दोन दिवस उघड्या डोळ्यांनी काम करत होते. लांबून ओळखू येणारे आकडे त्यांनी ओळखले, उरलेले अनुभवावर सोडले. तिसऱ्या दिवशी मार्गासनीचा कोंडिबा कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल त्याने गावातल्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घेतली होती.

"रावसाहेब," तो अदबीने म्हणाला, "माजं रान भाटघरच्या धरनात कवा गेलं? काल नांगरत व्हतो तर कोरडं व्हतं."

श्रीपादरावांनी नक्कल हातभर लांब धरून बघितली. आपल्याच अक्षरात त्यांनी मार्गासनीचं एक सबंध शेत उचलून चांगलं दहा-बारा कोसांवरच्या जलाशयात बुडवलं होतं. धरण इंग्रज सरकारचं आणि शेत भोर संस्थानातलं, त्यामुळे ते बाहेर काढायचं तर नुसतं खोडून चालेना. हेडक्लार्कांनी लेखी खुलासा मागितला. माझी चाळिशी गव्हल्यांच्या कामी घरी गुंतली होती, हे लिहिणं मोजणी खात्याच्या परंपरेत बसणारं नव्हतं. श्रीपादरावांनी बराच विचार करून लिहिलं, "तात्पुरत्या दृष्टिदोषामुळे."

ते दोन शब्द संध्याकाळपर्यंत कचेरीतून आळीत पोहोचले. धोंडाबाई शेजारच्या. वयाने अंबूबाईंपेक्षा थोड्या मोठ्या, आवाजाने बऱ्याच मोठ्या. त्या वाटीभर बदाम घेऊन आल्या आणि भाऊजींना रोज सकाळी उगाळून द्यायला सांगून गेल्या. कुणी गुलाबपाणी पाठवलं, कुणी त्रिफळ्याचं पाणी. पुरुषांनी येऊन सांगितलं की लिहिण्यावाचण्याचा ताण डोळ्यांवर येणारच, एवढी बुद्धी वापरायची म्हणजे काय चेष्टा आहे. अंबूबाई उन्हातान्हात हातभर लांबून रवा वळत होत्या, आणि उगाळलेले बदाम पाटावर बसून श्रीपादराव खात होते. एकदा त्यांनी ती वाटी बायकोपुढे सरकवली. अंबूबाईंनी ती परत सरकवली. म्हणाल्या, खाऊन टाका, सारखं कुणीतरी विचारायला येतं.

आता दुसरी चाळिशी आणणं भागच होतं. भोरात चष्म्याचं दुकान नव्हतं, पण घड्याळं दुरुस्त करणारा सावळाराम एका पेटीत तयार चाळिशा ठेवायचा. श्रीपादराव त्याच्याकडे गेले आणि आपल्यापेक्षा बऱ्याच कमी नंबरची दाखव म्हणाले. कुणासाठी, असं सावळारामने विचारलं. शेजारी तिघे जण घड्याळं घेऊन बसले होते. श्रीपादराव म्हणाले, "माझ्यासाठीच."

सावळारामने भुवया वर केल्या. त्याच्या सगळ्या धंद्यात आजवर कुणाचा नंबर कमी झाला नव्हता. त्याने एक चाळिशी काढून दिली, श्रीपादरावांनी ती नाकावर लावली, त्यांना काडीचंही दिसलं नाही, आणि ते म्हणाले की उत्तम आहे. घरी आल्यावर कळलं की ती अंबूबाईंनाही चालत नव्हती. पण तोवर तिघांची घड्याळं दुरुस्त होऊन ते आपापल्या घरी गेले होते, आणि करंदीकरांचे डोळे सुधारत चालले आहेत ही बातमी त्यांच्याबरोबर गेली होती.

माणसाचे डोळे सुधारतात म्हणजे त्याचं वय मागे जातं, हे अनुमान काढायला आळीला फार वेळ लागला नाही. देवळात लोक त्यांना निरखून बघू लागले. बदाम किती, असं विचारू लागले. एकाने तर त्यांचा दंड दाबून पाहिला. श्रीपादरावांना आधी संकोच वाटला, मग थोडं बरं वाटलं, आणि एका संध्याकाळी आपण जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढतो आहोत हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. उतरताना गुडघा कळवळला. पण उतरताना कुणी बघत नव्हतं.

मग दाजीसाहेब आले. दाजीसाहेब आळीतले सर्वांत वडील. पहिली पत्नी वारल्यावर पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी एकोणीस वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं, आणि लोकांनी त्याला संसार सावरला असं म्हटलं होतं. ते पडवीत बसले, सुपारी कातरली, नलूच्या लग्नाची चौकशी केली आणि हसत म्हणाले, "श्रीपादा, लेकीच्या मांडवात आपलंही उरकून घे. अंबूचं आता झालं. तुला अजून उमेद आहे."

बसलेले सगळे हसले. असं बोलायची पद्धतच होती, त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. श्रीपादरावही हसले, म्हणजे तोंड हसण्यासारखं केलं. पाण्याचा तांब्या घेऊन अंबूबाई दारात उभ्या होत्या. त्याही हसल्या. तांब्या खाली ठेवून त्या आत गेल्या.

सगळे गेल्यावर श्रीपादराव स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. अंबूबाई अंधुक उजेडात तांदूळ निवडत होत्या, म्हणजे बोटांनी चाचपत होत्या. श्रीपादरावांना पुष्कळ बोलायचं होतं. दाजीसाहेबांना असं म्हणायला हवं होतं, तसं म्हणायला हवं होतं, अशी तीन चांगली उत्तरं त्यांना आता सुचली होती. ती त्यांनी सांगितली नाहीत. ते म्हणाले, "विंझरच्या बाजाराला एक चष्मेवाला येतो म्हणे. परवा पडवीत कोंडिबा सांगत होता. सुईत दोरा ओवून बघायचं, ओवला की ती चाळिशी आपली. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही."

अंबूबाईंची बोटं तांदळात थांबली. "मी येते," त्या म्हणाल्या.

आता जायचं तर सबब हवी. वेल्ह्याच्या मेंगाईला नलूच्या लग्नाचा नवस बोलले आहे, अशी सबब अंबूबाईंनी विहिरीवर सांगितली. सबब इतकी निर्दोष होती की धोंडाबाई ताबडतोब म्हणाल्या, मीही येते, माझीही ओटी भरायची राहिली आहे. देवीला जाणाऱ्या बाईला येऊ नका म्हणता येत नाही. त्या रात्री श्रीपादरावांनी अंबूबाईंना धीर दिला की बाजारात धोंडाबाईंना चुकवू, त्यात काय आहे. ज्या बाईला आळीतल्या प्रत्येक घरी काय शिजलं ते माहीत असतं, तिला बाजारात चुकवणं म्हणजे काय आहे, हे त्यांना लवकरच कळणार होतं.

नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार होती. पुढे कोंडिबाने गाडी आणली होती. त्याचं रान अजून कागदावर पाण्यातच होतं, त्यामुळे त्याचा रावसाहेबांवर लोभ वाढला होता. रात्री मार्गासनीच्या मारुतीच्या देवळात मुक्काम केला आणि पहाटे पुन्हा निघाले. धोंडाबाई वाटभर बोलत होत्या. त्यांनी नलूच्या सासरची चौकशी केली, वाईच्या लोकांच्या शिस्तीचं वर्णन केलं आणि शेवटी म्हणाल्या की अंबू, तुला या वयात झेपणार नसेल तर गव्हल्यांचं माझ्यावर सोड. अंबूबाई गाडीबाहेर बघत राहिल्या. लांबचे डोंगर त्यांना लख्ख दिसत होते.

विंझरच्या बाजारात चष्मेवाला एका आंब्याखाली पोतं पसरून बसला होता. पुढ्यात चाळिशांची पेटी, एक सुई आणि दोऱ्याचं रीळ. पोत्यावर चार-पाच म्हातारे मांडी घालून बसले होते. एकेक चाळिशी लावायचे, सुई धरायचे आणि दोरा ओवायचा प्रयत्न करायचे. कुणाचा ओवला गेला की बाकीचे मान डोलवायचे. पोत्यावर एकही बाई नव्हती. बायका लांबून आपापल्या म्हाताऱ्यांना बघत उभ्या होत्या.

कोंडिबाला श्रीपादरावांनी हळूच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे तो धोंडाबाईंना सुपं दाखवायला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. वेळ थोडा होता. श्रीपादराव पोत्याकडे वळले तोच चष्मेवाला म्हणाला, "या आजोबा. बसा."

श्रीपादरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी आजोबा नव्हते.

तो धक्का पचवून ते बसले. पेटी जरा गाडीमागे नेऊ का, असं त्यांनी विचारलं. चष्मेवाला नाही म्हणाला, गेल्या बाजारात एक जण असाच गाडीमागे गेला तो गाडीसकट गेला. मग श्रीपादरावांनी दुसरा उपाय केला. ते स्वतः एक चाळिशी लावायचे, लांब उभ्या असलेल्या अंबूबाईंकडे बघायचे, आणि डोळ्यांनीच विचारायचे की ही बरी वाटते का. हा उपाय कुठल्याही शास्त्रात बसत नव्हता. पाचव्या चाळिशीला चष्मेवाल्याने सांगितलं, "आजोबा, सुईकडं बघा. बाईकडं काय बघता?" पोत्यावरचे म्हातारे खूश झाले. आंब्याखाली जमलेल्या सगळ्यांनी अंबूबाईंकडे पाहिलं.

अंबूबाईंनी पदर कमरेला खोचला, चपला काढल्या, आणि पोत्यावर येऊन बसल्या.

चष्मेवाला गोंधळला. तुमच्यात कुणाचं बघायचंय, त्यांना घेऊन या, असं तो म्हणू लागला.

"माझेच डोळे आहेत," अंबूबाई म्हणाल्या. "द्या ती सुई."

पहिल्या चाळिशीला दोरा सुईच्या शेजारून गेला. दुसरीला वरून गेला. एक म्हातारा म्हणाला, बाईमानसाला कशाला लागतोय चष्मा, आणि दुसऱ्याने त्याला गप बस म्हटलं, कारण त्यालाही आता बघायचं होतं. लांबच्या बायका जवळ आल्या. त्यांच्यातल्या साळूबाई नावाच्या एका ठसठशीत बाईने तर पुढे बसून अंबूबाईंच्या खांद्यावरून मान काढली. तिसरी चाळिशी लावल्यावर अंबूबाईंनी सुई डोळ्यांसमोर धरली आणि दोरा न लावता नुसत्याच बघत राहिल्या.

"काय झालं?" श्रीपादरावांनी विचारलं.

"भोक दिसतंय," अंबूबाई म्हणाल्या, आणि दोरा पलीकडे गेला.

साळूबाई म्हणाली, "व्हय की. गेला की लई सरळ." बायकांमध्ये कुजबुज उठली. अंबूबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांवरच्या रेषा, बांगडीवरचं नक्षीकाम, पोत्याची वीण. एकेक गोष्ट हातभर अंतरावर आणून त्या बघत होत्या. आणि त्याच वेळी बायकांच्या गर्दीतून, हातात नवं सूप घेऊन, धोंडाबाई पुढे आल्या.

उद्या संध्याकाळी आळीला कळणार, परवा वाईला. श्रीपादरावांनी गडबडीने सांगायला सुरुवात केली की ही चाळिशी माझी, ती फक्त माझ्यासाठी बघून देते आहे. धोंडाबाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या अंबूबाईंच्या नाकावरच्या चाळिशीकडे बघत होत्या. मग त्यांनी सूप कोंडिबाच्या हातात दिलं आणि धप्पकन पोत्यावर बसल्या.

"मलाही एक बघा," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या. मग अंबूबाईंकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, "तुला काय खरंच वाटलं माझी ओटी राहिलीय म्हणून? कोंडिबाने चष्मेवाल्याचं सांगितलं ते मीही ऐकलं होतं आमच्या पडवीतून."

"पण तुम्ही तर गव्हले करणार होतात," अंबूबाई म्हणाल्या.

"तू हो म्हणशील असं कुठं वाटलं होतं? आठ वर्षं झाली, अंबू. तुझ्या दारातली रांगोळी मी रोज वाखाणते ती सगळी अंदाजाने."

यावर अंबूबाई जे हसल्या तसं हसताना श्रीपादरावांनी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत पाहिलं असेल. धोंडाबाईंच्या मागे साळूबाई बसली, साळूबाईच्या मागे आणखी कुणी. म्हाताऱ्यांना पोत्यावरून सरकावं लागलं. देवीला नुसतं सबबीपुरतं वापरणं श्रीपादरावांच्या नियमात बसेना, म्हणून वेल्ह्याला जाऊन तिघांनी मेंगाईची ओटीही रीतसर भरली. परतीच्या वाटेवर गाडीत दोघी सुपाची वीण, मंगळसूत्राचे मणी, एकमेकींच्या हातावरची गोंदणं असं काय काय जवळ घेऊन बघत होत्या. श्रीपादराव कोंडिबाशेजारी पुढे बसले होते.

गव्हले झाले. दोघींनी मिळून केले, मागच्या दारी, आणि दार उघडं ठेवून. आळीत दोन दिवस बोलणं झालं. दोन बायका एकदम म्हाताऱ्या कशा झाल्या, असं दाजीसाहेबांनी विचारलं. पण एकीची चेष्टा करणं सोपं असतं. दोघींची करायची तर त्यातली एक धोंडाबाई होती.

लग्नाच्या दिवशी अंबूबाई चाळिशी लावूनच रुखवतापाशी उभ्या राहिल्या. वाईच्या विहीणबाई आल्या. त्यांच्या बरोबरच्या बायकांमध्ये एक कोपर दुसऱ्या कोपराला लागलं. विहीणबाईंनी आधी चाळिशीकडे पाहिलं, मग ताटाकडे. चिमूटभर गव्हले तळहातावर घेतले. सगळ्या वाट बघत होत्या. विहीणबाईंनी तळहात जरा लांब केला. आणखी लांब केला. मान मागे गेली.

ती मान अंबूबाईंना ओळखीची होती. त्यांनी चाळिशी काढली, पदराने पुसली आणि पुढे धरली.

विहीणबाईंनी पुरुषांच्या बैठकीकडे एक नजर टाकली. तिकडे पाठ केली. चाळिशी लावून त्या तळहाताकडे बघत राहिल्या, इतका वेळ की करवल्या चुळबुळ करू लागल्या. "एकसारखे आहेत," त्या म्हणाल्या. आणि चाळिशी परत देताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "कुठे मिळाली?"

या सगळ्या दिवसांत श्रीपादरावांना एका गोष्टीचं मनातून आश्चर्य वाटत होतं. चाळिशीतून अंबूबाईंनी सगळं बघितलं होतं. तांदूळ, सुया, पत्रिकेवरची अक्षरं, नलूच्या शालूचा जर. त्यांच्याकडे मात्र बघितलं नव्हतं. तसं त्याला कारण सरळ होतं. चाळिशीतून लांबचं धूसर दिसतं, हातभर अंतरावरचं तेवढं स्पष्ट. आणि लग्नघरात, पाहुण्यांत, चार माणसांच्या देखत नवरा-बायको हातभर अंतरावर येतात कधी?

नलू सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घर एकदम मोकळं झालं. दुपारी श्रीपादराव मांडवाचे बांबू सोडत होते, तेव्हा एक कुसळ त्यांच्या तळहातात खोल गेलं. ओढायला गेले तर वरचं टोक मोडलं. अंबूबाईंनी त्यांना मागच्या दारी उजेडात बसवलं, चाळिशी लावली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन सुईने हळूहळू कुसळ उकरू लागल्या. घरात कुणी नव्हतं.

कुसळ निघालं. अंबूबाईंनी ते बोटावर घेऊन बघितलं, टाकून दिलं, आणि मान वर केली.

श्रीपादराव ताठ बसले. पोट थोडं आत घेतलं. त्या बघत होत्या. त्यांची नजर कपाळावरून डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे गेली, गालांवरून मिशीवर आली, गळ्यापाशी थांबली. श्रीपादरावांना अचानक विंझरचा चष्मेवाला आठवला.

"अहो," अंबूबाई म्हणाल्या. "तुम्ही किती म्हातारे झालात."

सगळा गाव काय म्हणतो ते सांगावं असं क्षणभर श्रीपादरावांच्या मनात आलं. "सगळे तर म्हणतात की," त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

"आणि मला कुणी सांगितलंच नाही. मी मेली अजून गुडघ्याला तेल लावू का म्हणूनसुद्धा विचारत नाही. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढताना ऐकते, म्हणते, यांना काय होतंय." त्यांनी हात वर केला आणि कानाजवळच्या पांढऱ्या केसांवरून बोट फिरवलं, गव्हला वळताना फिरवावं इतकं हलकं. "कधी झालं हे सगळं?"

"मलाही नीटसं माहीत नाही," श्रीपादराव म्हणाले, आणि आत घेतलेलं पोट त्यांनी सोडून दिलं. किती दिवसांनी सोडलं, देव जाणे. फार बरं वाटलं. मग हात मागे घ्यावा म्हणून ते जरा सरकले.

"हलू नका," अंबूबाई म्हणाल्या. "लांब गेलात की दिसत नाही."

ते हलले नाहीत.